शिक्षक संघटनेतले अभ्यासगट: पहिल्या विचारणीपासून शेवटच्या टिपणापर्यंत

शिक्षकांच्या संघटना सभासदांसाठी व्याख्यानं ठेवतात, कार्यशाळा घेतात, वर्षातून एकदा अधिवेशन भरवतात. त्यातून नव्या कल्पना कळतात, ओळखी होतात, हुरूप येतो. पण दुसऱ्या दिवशी आपल्या वर्गात नेमकं काय बदलायचं, ते खरंच बदललं का आणि त्याने मुलांना काही फरक पडला का, हे तपासायला सभागृहात वाव नसतो. त्यासाठी लहान गट लागतो. एकाच गोष्टीत मनापासून रस असलेले आठ-दहा सहकारी महिन्यातून एकदा भेटतात आणि मधल्या दिवसांत आपापल्या वर्गात काहीतरी करून पाहतात, असा हा गट.

माझ्या मते अशा गटाचं खरं काम दोन बैठकींच्या मधल्या दिवसांत होतं. त्या कामाचा हिशेब द्यायला आणि पुढचं काम ठरवायला बैठक असते. गट उभारताना प्रत्येक निर्णय याच कसोटीवर घासून पाहावा: यामुळे मधल्या दिवसांत कोणाच्या वर्गात काही घडणार आहे का?

आधी एक फरक लक्षात घ्या

मोठ्या शिक्षक-संशोधक संघटनांमध्ये आवडीनुसार विभाग असतात. अमेरिकन एज्युकेशनल रिसर्च असोसिएशनमध्ये असे दीडशेहून अधिक स्पेशल इंटरेस्ट ग्रुप आहेत. इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या आयाटेफल या १९६७ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेतही लहान मुलांना शिकवणारे, मूल्यमापनात रस असणारे, शिक्षक-विकासावर काम करणारे असे वेगवेगळे गट आहेत. या विभागांचे सभासद पुष्कळ असतात. ते परिसंवाद घेतात, अंक काढतात, समविचारी माणसांना एकमेकांचा पत्ता लावून देतात. हे काम मोलाचंच आहे.

अभ्यासगट मात्र याहून वेगळा आणि बराच जुना प्रकार आहे. स्वीडनमध्ये १९०२ साली ऑस्कर ओल्सन यांनी लुंड इथे पहिलं अभ्यासमंडळ सुरू केलं. थोडी माणसं, समोर ठरलेलं वाचन, तज्ज्ञ वक्त्याऐवजी आपापसांतली चर्चा, असं त्याचं साधं रूप होतं. पुढे तिथल्या प्रौढशिक्षणाचा तो कणाच बनला. आपल्या संघटनेत यातलं काय हवं आहे, हे कार्यकारिणीने सुरुवातीलाच ठरवावं. दीडशे जणांचा विभाग स्थापन करून त्याच्याकडून अभ्यासगटाचं काम होईल अशी अपेक्षा धरली, तर पहिल्या दोन कार्यक्रमांनंतर विभाग फक्त यादीत उरतो. विभाग असलाच तर त्याच्या पोटात चार-पाच लहान गट असावेत.

आवड कशी शोधावी

नेहमीची रीत अशी, की विषयांची यादी सभासदांना पाठवायची आणि कोणत्या विषयात रस आहे तिथे खूण करायला सांगायची. खुणा भरपूर येतात, पण त्यातून फारसं काही कळत नाही. ‘मूल्यमापन’, ‘तंत्रज्ञान’, ‘वाचन’ यांसमोर खूण करायला कोणाचीच हरकत नसते.

त्याऐवजी दोनच प्रश्न विचारा. गेल्या महिन्यातला कोणता तास अजून तुमच्या डोक्यात घोळतो आहे, आणि का? तुमच्या वर्गातली कोणती गोष्ट वर्षानुवर्षं तशीच अडून बसली आहे? उत्तरं चार-पाच ओळींत मागवा. ज्यांना लिहायचा कंटाळा आहे त्यांच्याशी फोनवर बोलून कोणीतरी लिहून घ्यावं. मग प्रत्येक उत्तर वेगळ्या चिठ्ठीवर उतरवून दोन-तीन जणांनी टेबलावर जवळ जवळ मांडावं. एका चिठ्ठीवर ‘हुशार चार मुलंच हात वर करतात’ असं असतं, दुसरीवर ‘गणितात चुकीच्या भीतीने मुलं बोलतच नाहीत’, तिसरीवर ‘मी विचारतो आणि उत्तरही मीच देतो’. गणित, भाषा आणि विज्ञान असे वेगवेगळे विषय शिकवणारी ही तिघं एकाच गटाची माणसं आहेत, हे विषयांच्या यादीतून कधीच दिसलं नसतं.

एखाद्या ढिगात सहाहून कमी चिठ्ठ्या जमल्या, तर तिथे लगेच गट काढू नये. त्या सभासदांची एकमेकांशी ओळख करून द्यावी आणि पुढच्या फेरीपर्यंत थांबावं.

विषयातून प्रश्न काढणं

गटाचं भवितव्य इथे ठरतं, म्हणून या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्यावा. ‘वर्गातला संवाद’ हा विषय झाला. त्यावर दहा वर्षं बोलता येईल आणि तरीही वर्ग होता तिथेच राहील. ‘प्रश्न विचारल्यावर मी जास्त थांबलो, तर नेहमी गप्प असणारी मुलं बोलू लागतील का?’ हा मात्र प्रश्न आहे. तो उद्याच्या तासाला करून पाहता येतो आणि मोजता येतो. त्याचं उत्तर ‘नाही’ असंही येऊ शकतं.

चांगल्या प्रश्नाच्या खुणा मला तीन दिसतात. त्याचं उत्तर गटात कोणालाही आधीपासून ठाऊक नसतं. शिक्षक स्वतः बदलू शकेल अशा गोष्टीबद्दल तो असतो. वर्गातली पटसंख्या, अभ्यासक्रम, पालकांची परिस्थिती यांवरचे प्रश्न खरे असले तरी ते संघटनेच्या दुसऱ्या व्यासपीठावर मांडावेत. आणि त्याचा पुरावा मुलांच्या कामात किंवा बोलण्यात सापडतो. मुलांच्या वहीत, उत्तरपत्रिकेत, तोंडी उत्तरात जे दिसणार नाही त्यावर गटात नुसती मतं झडत राहतात.

प्रश्नामागे आधीचं काही काम आहे का, हेही पाहावं. थांबण्याचाच प्रश्न घ्या. मेरी बड रो या अमेरिकन विज्ञान-शिक्षण अभ्यासक बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारून शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, असं त्यांना दिसलं. तो अवकाश तीन सेकंदांच्या वर नेला, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, उत्तर न येण्याचं प्रमाण घटलं आणि मुलं आपणहून जास्त बोलू लागली. मुलाचं उत्तर संपल्यावरचा अवकाशही त्यांनी मोजला होता, आणि शिक्षक नेमके तोच विसरतात. एवढी माहिती हाताशी असली की गट शून्यापासून सुरुवात करत नाही आणि आपल्या वर्गात पुढे काय पाहायचं हे ठरवू शकतो.

किती जण, आणि कोण

डिलन विल्यम या ब्रिटिश शिक्षण-अभ्यासकांनी शिक्षकांच्या अशा गटांसाठी आठ ते बारा जण, महिन्यातून एक बैठक आणि दर बैठकीला किमान सव्वा तास असं प्रमाण सुचवलं आहे. ते व्यवहारात बसतं. आठपेक्षा कमी असले आणि दोघं गैरहजर राहिले, की चर्चा रोडावते. बारापेक्षा जास्त झाले, की प्रत्येकाला आपल्या वर्गाबद्दल बोलायला वेळ उरत नाही. शिवाय अंग चोरणंही सोपं होतं. मॅक्स रिंगेलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याने १९१३ साली दोर ओढण्याच्या प्रयोगांचे आकडे प्रसिद्ध केले. आठ जण मिळून दोर ओढत तेव्हा प्रत्येकाचं बळ एकट्याने ओढताना लागणाऱ्या बळाच्या निम्म्यावर येत असे. याचं काही कारण ताळमेळ न जमणं हेही होतं, पण आपण थोडं कमी केलं तरी चालेल ही भावनाही त्यात असते, असं नंतरच्या अभ्यासांतून दिसलं. म्हणूनच गट लहान असला तरी दर बैठकीत प्रत्येकाची पाळी यायलाच हवी.

गटात नवे आणि मुरलेले दोघंही असावेत. माणसं कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ साली मांडलं, की नवखा माणूस जाणत्यांच्या खऱ्या कामात कडेकडेने सामील होत शिकतो. लायबेरियातले शिकाऊ शिंपी आधी बटणं लावत, काठ दुमडत. कापड कापायला त्यांना शेवटी मिळे. काम मात्र पहिल्या दिवसापासून खऱ्या कपड्यावर चाले. नव्या सभासदालाही असंच खरं पण लहान काम द्यावं: एका तासात किती वेगवेगळ्या मुलांनी उत्तर दिलं ते मोजणं, दहा वह्यांतली एकाच प्रकारची चूक वेचणं. ‘तुम्ही सध्या नुसतं ऐका’ असं त्याला सांगू नये.

एकाच शाळेतले मुख्याध्यापक आणि त्यांचे शिक्षक शक्यतो एका गटात ठेवू नयेत. मुख्याध्यापक कितीही मोकळे असले, तरी ज्याचा गोपनीय अहवाल त्यांच्या हातात आहे तो माणूस ‘माझा तास फसला’ असं त्यांच्यासमोर सहजपणे म्हणणार नाही. आणि ते म्हणता आलं नाही, तर गटाला अर्थच उरत नाही.

संयोजक दोन असावेत

एक बैठक चालवतो, दुसरा टिपण ठेवतो आणि घड्याळ पाहतो. दर बैठकीला कामं अदलाबदल करावीत. संयोजक त्या विषयातला सर्वांत मोठा जाणकार नसला तरी चालतं. पुष्कळदा तो नसलेलाच बरा, कारण मोठ्या जाणकाराकडे सगळे उत्तरासाठी पाहू लागतात. दुसऱ्याचं बोलणं पूर्ण होऊ देणं, गप्प बसलेल्याला नावाने विचारणं आणि ठरलेल्या वेळी बैठक संपवणं, एवढं त्याला जमायला हवं. संघटनेने वर्षारंभी सगळ्या गटांच्या संयोजकांना एकत्र बोलावून एक नमुना बैठक प्रत्यक्ष चालवून दाखवावी. लेखी सूचनांपेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त होतो.

एका पानाचा करार

पहिल्या बैठकीआधी संयोजकांनी कच्चा मसुदा करावा आणि पहिल्याच बैठकीत तो सर्वांनी मिळून पक्का करावा. त्यात गटाचा प्रश्न, बैठकींच्या सगळ्या तारखा आणि वेळ, गट कोणत्या महिन्यात संपणार, गैरहजर राहणाऱ्याने काय करायचं आणि गटातलं काय बाहेर जाईल, काय जाणार नाही, एवढं असावं. तारखा आधीच ठरवल्या नाहीत, तर प्रत्येक बैठकीसाठी नव्याने सर्वांची सोय पाहावी लागते आणि तिसऱ्या वेळेपर्यंत संयोजक थकतो. परीक्षेचा, निकालाचा काळ वगळूनच तारखा लावाव्यात. सहा ते आठ बैठकींचं एक सत्र पुरे.

मुलांच्या खासगीपणाचा नियम करारात स्पष्ट लिहावा. वह्यांच्या झेरॉक्सवर मुलांची नावं झाकलेली असतील. चेहरे दिसणारी छायाचित्रं आणि चित्रफिती शाळेच्या व पालकांच्या लेखी परवानगीशिवाय गटात येणार नाहीत, आणि आल्या तरी कोणाच्या फोनवर पुढे जाणार नाहीत. कोणा एका मुलाच्या घरच्या गोष्टी गटात बोलल्या जाणार नाहीत. सगळे चांगल्या हेतूनेच जमलेले असतात आणि त्यामुळेच याकडे दुर्लक्ष होतं, म्हणून हे लिहूनच ठेवावं.

पहिली बैठक

ओळखी थोडक्यात उरकाव्यात. करार वाचून, दुरुस्त करून पक्का करावा. मग उरलेला सगळा वेळ एकाच कामाला द्यावा: पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येकाने आपल्या वर्गात *आत्ता काय घडतं आहे* याची नोंद कशी घ्यायची. बदल करण्याची घाई नको. थांबण्याच्या प्रश्नावरच्या गटात, प्रत्येकाने एका तासाचं स्वतःपुरतं ध्वनिमुद्रण करून आपण किती थांबतो आणि किती वेगवेगळी मुलं बोलली हे मोजून आणावं. स्वतःचाच तास ऐकताना बहुतेकांना धक्का बसतो. तो धक्का बाहेरच्या कोणी दिलेला नसतो, त्यामुळे माणूस त्याच्याशी वाद घालत नाही आणि कामाला लागतो.

नेहमीची बैठक

दीड तासाची बैठक मी अशी बसवेन:

- ५ मिनिटं: आज काय करायचं आहे त्याची आठवण.
- ३५ मिनिटं: प्रत्येकाचा अनुभव. काय करून पाहिलं, काय दिसलं, काय अडलं. दर माणशी तीन-चार मिनिटं, घड्याळ लावून.
- ३० मिनिटं: एका सभासदाने आणलेलं मुलांचं काम, सर्वांनी मिळून पाहणं.
- ५ मिनिटं: वाचून आलेल्या मजकुरातला आपल्या कामी येईल असा एखादा मुद्दा.
- १५ मिनिटं: पुढच्या महिन्यात कोण काय करून पाहणार, हे प्रत्येकाने एका वाक्यात लिहून मोठ्याने वाचणं.

वेळ कमी पडली तर वाचनाची पाच मिनिटं सोडावीत. शेवटची पंधरा मिनिटं कधीच सोडू नयेत. ‘मी पुढच्या महिन्यात सातवीच्या वर्गात दर तासाला निदान तीन प्रश्नांनंतर मनात पाच आकडे मोजून थांबेन’ हे वाक्य पुरेसं नेमकं आहे. ‘मुलांना जास्त संधी देईन’ हे नाही. संयोजकाने तिथे थांबवून ‘कोणत्या वर्गात? कशी?’ असं विचारावं.

वाचन म्हणजे दर वेळी लांबलचक शोधनिबंध असायला नको. दोन-तीन पानं पुरतात, पण ती बैठकीच्या आठवडाभर आधी हातात पडायला हवीत.

मुलांचं काम समोर ठेवून

हा अर्धा तास सांभाळून चालवावा लागतो, कारण इथेच सहकाऱ्यांची भीड किंवा टीका आड येते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जोसेफ मॅकडोनल्ड आणि डेव्हिड अ‍ॅलन या शिक्षण-अभ्यासकांनी अमेरिकेतल्या शाळांसाठी चर्चेची एक ठरीव पद्धत बसवली. तिचा गाभा कोणालाही वापरता येतो.

समजा एका शिक्षिकेने दशांश अपूर्णांकांचा पाचवीतला स्वाध्याय आणला. पहिली पाच मिनिटं तिने एकटीने बोलायचं: काय शिकवलं होतं, हा स्वाध्याय का दिला, गटाकडून तिला नेमकं काय हवं आहे. मग पाच मिनिटं बाकीच्यांनी फक्त माहितीचे प्रश्न विचारायचे. ‘तुम्ही आकृत्या वापरल्या होत्या का?’ चालेल, ‘तुम्ही आकृत्या का वापरत नाही?’ चालणार नाही, कारण तो सल्ला आहे, प्रश्नाचा वेष घेतलेला. त्यानंतर सर्वांनी गुपचूप पाच मिनिटं वह्या पाहायच्या.

आता महत्त्वाची पायरी येते. दहा मिनिटं बाकीचे आपसांत बोलतात आणि ती शिक्षिका गप्प राहून टिपणं घेते. सुरुवात ‘मला काय दिसतं आहे’ इथूनच होते: ‘या मुलाने ०.३५ हे ०.४ पेक्षा मोठं मानलं आहे, आणि ०.१२ हे ०.२ पेक्षाही. पण ०.७ आणि ०.३ बरोबर लावले आहेत.’ म्हणजे मूल दशांश चिन्हानंतरचे अंक पूर्ण संख्येसारखे वाचतं आहे: पस्तीस हे चारापेक्षा मोठं. दोन्ही संख्यांत चिन्हानंतर सारखेच अंक असले की त्याचं उत्तर बरोबर येतं. त्यामुळे ही चूक अर्धा स्वाध्याय तपासेपर्यंत लपून राहते. असं बारकाईने पाहिलं, की ‘मुलांनी लक्ष दिलं नाही’ हे वाक्य आपोआप मागे पडतं. शेवटची पाच मिनिटं शिक्षिकेची. तिने कोणाला उत्तर देण्याची गरज नाही. आपल्याला काय नवं दिसलं आणि आता काय करून पाहणार, एवढंच तिने सांगावं.

काम आणणाऱ्याला गप्प बसवणं सुरुवातीला कृत्रिम वाटतं. तरीही ते पाळावं. स्वतःच्या कामावरचा प्रत्येक शेरा ऐकताच खुलासा देण्याची आपल्याला सवय असते, आणि खुलासा सुरू झाला की पाहणं थांबतं.

गट मुरला, की एखाद्या सत्रात जपानी शिक्षकांची पाठ-अभ्यासाची रीत जरूर वापरून पाहावी. गट मिळून एक पाठ आखतो, एक जण तो आपल्या वर्गात घेतो, बाकीचे मागे बसून मुलांकडे पाहतात. शिक्षकाकडे पाहायचं नाही, हे त्यात फार मोलाचं आहे. पाठ सगळ्यांचा असल्याने तो फसला तरी एकट्याची मान खाली जात नाही.

मधले दिवस

गटात जोड्या लावाव्यात. बैठकीनंतर साधारण दोन आठवड्यांनी जोडीदाराला एक फोन करावा: ठरवलेलं करून पाहिलं का? एवढा एक फोन पुष्कळ काम करतो. नोंदीसाठी मोठे तक्ते देऊ नयेत; तारीख, वर्ग, काय केलं, काय दिसलं, या चार रकान्यांची एक ओळ पुरे. गटाचा व्हॉट्सअ‍ॅप असेल तर तो याच कामापुरता ठेवावा. शुभेच्छा आणि पुढे ढकललेले संदेश सुरू झाले, की कामाची नोंद त्यात बुडते आणि चार जण गट म्यूट करतात.

दूरदूरच्या सभासदांना पडद्यावरच भेटावं लागतं. तेव्हा माणसं आठच ठेवावीत, मुलांचं काम आदल्या दिवशीच पाठवावं आणि बोलण्याचा क्रम आधी सांगावा. सत्रातली पहिली बैठक तरी समोरासमोर झाली, तर पुढचं सगळं सोपं जातं.

जिथे गाडं अडतं

कोणी काहीच करून न आलेलं असतं. त्याला खजील करू नये आणि सोडूनही देऊ नये. ‘काय आडवं आलं?’ असं विचारून पुढचं काम आणखी लहान करून द्यावं. गटातले निम्मे लोक सलग दोनदा रिकाम्या हाताने आले, तर दोष त्यांचा नाही. प्रश्न एक तर मोठा आहे किंवा त्यांच्या वर्गाचा नाही. तो बदलावा.

एक जण सतत बोलतो, तर तीन मिनिटांचा नियम सर्वांना सारखा लावावा. बैठकीत शाळा-व्यवस्थेबद्दलच्या तक्रारी सुरू झाल्या, तर त्या एका कागदावर लिहून संघटनेच्या योग्य समितीकडे खरोखर पाठवाव्यात. नुसतं ‘विषयांतर नको’ म्हटलं, तर माणसं दुखावतात, आणि त्या तक्रारी बऱ्याचदा रास्त असतात.

संघटनेचा वाटा

जागा, झेरॉक्सचा आणि प्रवासाचा खर्च, वाचनाची सोय, आणि सभासदांच्या शाळांना एक पत्र: या बैठकी व्यावसायिक विकासाचा भाग आहेत, शक्य असेल तिथे सवलत द्यावी. संघटना प्रमाणपत्र देत असेल तर ते हजेरीवर देऊ नये. सभासदाने काय करून पाहिलं आणि त्याला काय दिसलं याच्या एका पानी टिपणावर द्यावं. गटांकडून महिन्याला अहवाल मागू नयेत. सत्राच्या मध्यावर संयोजकांची एक एकत्र बैठक पुरेशी आहे. गटाचा प्रश्न कार्यकारिणीने वरून ठरवून देणं तर मुळीच करू नये; आवड लादली की ती आवड राहत नाही.

गट संपवताना

ठरलेल्या महिन्यात गट संपवावा, छान चालला असला तरीही. ज्यांना पुढे जायचं आहे त्यांनी नवा प्रश्न घेऊन नवा करार करावा, आणि निदान दोन-तीन नवी माणसं घ्यावीत. शेवटच्या बैठकीत सर्वांनी मिळून चार पानांचं टिपण लिहावं: प्रश्न काय होता, काय काय करून पाहिलं, काय दिसलं, काय चाललं नाही, आणि दुसऱ्या शिक्षकाला उद्या वापरता येईल असं काय हाती आलं. ‘काय चाललं नाही’ हा भाग गाळू नये. पुढच्या गटाचे महिने वाया जाणं त्यानेच टळतं. टिपणात सभासदांची नावं त्यांच्या संमतीने यावीत, मुलांची कधीच नाहीत.

हे टिपण संघटनेकडे विषयवार जपून ठेवावं, आणि पुढच्या वर्षी चिठ्ठ्या टेबलावर मांडायला बसणाऱ्या सभासदांच्या हातात आधी तेच द्यावं.